डॉक्टरांच्या बोटीतला खांब

डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांचे दात काढले. त्यामुळे जगात घट्ट बसलेली कुठलीही वस्तू आपल्या हातून निघेलच, अशी त्यांची पक्की समजूत होती. बरण्यांची झाकणं, भिंतीतले खिळे, फुगून बसलेले ड्रॉवर, सगळ्यांकडे ते एकाच नजरेने बघत. निवृत्तीनंतर त्यांनी दवाखाना विकला, पण ती नजर काही विकता आली नाही. तेव्हा शनिवारी सकाळी बोटीत गुडघे टेकून ते एका खांबाशी बोलत होते, यात निदान त्यांना स्वतःला काहीच वावगं वाटत नव्हतं.

"थोडं दुखेल हं," ते खांबाला म्हणाले.

बोट लहानशी, दोन खुर्च्यांची. घरामागच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी असायची. मागची खुर्ची इंजिनापाशी, डॉक्टरांची, पुढची डॉक्टरीणबाईंची. पण पाठ दुखते म्हणून बाईंनी गेल्या उन्हाळ्यापासून तळ्यावर यायचं बंद केलं होतं. डॉक्टर दोन-तीनदा एकटे जाऊन आले. गळ टाकला, इकडचं तिकडचं बोलायला सुरुवात केली, आणि समोर कोणी नाही हे लक्षात आल्यावर गळ गुंडाळून जेवणाच्या आत घरी परतले. बायकोशिवाय त्यांना पाण्यावर करमत नव्हतं. हे त्यांनी तिला सांगितलंही होतं. फक्त त्यावर तिचं काय म्हणणं आहे, ते ऐकायच्या आत त्यांनी विषय बदलला होता.

ही त्यांची जुनी खोड. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि स्वतःची बोटं कोंबून ते विचारायचे, "मग, यंदा सुट्टीत कुठे? डोंगरात का?" पेशंट म्हणायचा, "अं." डॉक्टर म्हणायचे, "वा, छान." अशा रीतीने अर्धं गाव त्यांनी परस्पर डोंगरात धाडलं होतं. घरीही तोच प्रकार. "चहा टाकतेस? नको म्हणतेस? बरं, नंतर घेऊ," असं म्हणून ते पेपर उघडत, आणि डॉक्टरीणबाई हातात पातेलं घेऊन उभ्याच राहत.

पाठदुखीवर डॉक्टरांनी स्वतःच्या बुद्धीने उपाय काढला होता: नवी खुर्ची. उंच पाठीची, जाड गादीची, हात टेकायला दोन बाजू असलेली. आठवडाभर ती प्लास्टिक पांघरून जेवणाच्या टेबलाशी पाहुण्यासारखी बसली होती. ती बोटीत बसवायची तर तिच्याबरोबर आलेला नवा खांब लावायला हवा, आणि नवा लावायचा तर जुना निघायला हवा. जुनी खुर्ची सहज सुटली होती; पण हा जुना खांब म्हणजे ॲल्युमिनियमची जाड नळी, बोटीच्या बुडातल्या खोबणीत नुसती खोचलेली. हाताने ओढली की यायला पाहिजे. पण इतक्या वर्षांचं पाणी आणि चिखल पिऊन नळी खोबणीत अशी काही फुगून बसली होती, की दोघांची जातकुळी एक झाली होती.

बाईंनी नवी खुर्ची पाहून "बघू" एवढंच म्हटलं होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ "हो" असा घेतला, आणि उद्याच्या रविवारी दोघांनी तळ्यावर जायचं, असं परस्पर ठरवूनही टाकलं. मनातून मात्र त्यांना धाकधूक होती. उद्याही ती आली नाही, तर बोट विकून टाकायची, असं त्यांनी कोणाला न सांगता ठरवलं होतं.

मदतीला जावई आला होता. विमा कंपनीत कामाला, स्वभावाने गरीब, पण रात्री झोपण्याआधी दुरुस्तीचे व्हिडिओ बघायची सवय लागलेला. लेकीने त्याला मुद्दाम धाडलं होतं, बाबा एकटेच काहीतरी उपटत बसतील म्हणून. आल्या आल्या त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सोपं काम आहे, असं जाहीर केलं.

आधी गंज सोडवायचा स्प्रे मारून झाला. मग डॉक्टरांनी आपली पद्धत सुरू केली. दाढ कधी सरळ ओढायची नसते, आधी इकडे-तिकडे हलवून सैल करायची असते, असं जावयाला समजावत ते खांब हलवू लागले. खांब ढिम्म. बोट मात्र ट्रेलरवर डुलायला लागली आणि दहा मिनिटांत जावयाला जमिनीवरच बोट लागली. तो खाली उतरून थोडा वेळ भिंतीला धरून उभा राहिला. डॉक्टरांनी खांबाला विचारलं, की तुला तरी डुलायची सवय आहे ना, आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न बघता पुढचं काम हाती घेतलं.

मग जावयाने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून चेनब्लॉक मागून आणला. साखळी ओढली की जड इंजिन वर उचलतं, तसलं ते यंत्र. शेडच्या लोखंडी तुळईला ते टांगलं, खालचा आकडा खांबाच्या भोकात अडकवला, आणि सासरे-जावई दोघंही बोटीत उभे राहून साखळी ओढू लागले. कुरकुर झाली, काहीतरी कण्हलं, आणि खांब हलला. समोरच्या खिडकीच्या चौकटीशी ताडून बघावं तर तो चक्क वर चालला होता. आधी चौकटीच्या खालच्या कडेला होता, मग मधल्या गजापर्यंत आला. डॉक्टरांचा ऊर भरून आला. सुटला, मुळासकट येतोय, आता सोडू नका जावईबापू, असं म्हणत त्यांनी आणखी जोर लावला. पायाखालची फळी तिरपी होतेय, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं, पण यशाच्या वेळी माणूस पायाखाली बघत नाही.

डॉक्टरीणबाई कपडे वाळत घालायला बाहेर आल्या होत्या. त्या शेडच्या दारात थांबल्या. बोटीचं मागचं टोक ट्रेलरवर होतं आणि नाक थेट छपराकडे. खांब जागच्या जागी रुतलेला, आणि त्याला टांगलेल्या बोटीत त्यांचा नवरा आणि जावई घामाघूम होऊन स्वतःलाच वर ओढत होते.

"कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

जावयाने खाली पाहिलं आणि साखळी घट्ट धरली. डॉक्टरांनीही खाली पाहिलं, घसा साफ केला, आणि ही फक्त खांबाची परीक्षा चालली होती, असं सांगितलं. पिळलेला टॉवेल झटकून बाई निघून गेल्या. बोट खाली उतरवताना जावयाचा अंगठा साखळीत चिमटला, आणि त्याचा उरलासुरला आत्मविश्वास तिथेच संपला.

डॉक्टर बोटीत मांडी घालून बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. बायको हसलीसुद्धा नव्हती. हसली असती, तर उद्या येईल असं वाटलं असतं. खांबाच्या उघड्या माथ्यावरून हात फिरवता फिरवता त्यांचं बोट आतल्या पोकळीत गेलं, आणि त्यांना एकदम आपल्या धंद्यातली गोष्ट आठवली. ज्या दाढेची मुळं वाकडी असतात, ती ओढायची नसतेच. ती आतून कापायची आणि तुकड्यांनी काढायची. इतका वेळ आपण पेशंटला उगाच छळलं, असं त्यांनी उघडपणे कबूल केलं, तेही खांबाजवळ.

करवतीचं नुसतं पातं फडक्यात गुंडाळून त्यांनी नळीच्या आत सोडलं आणि आतल्या बाजूने उभी चीर पाडायला घेतली. खोबणीला धक्का न लावता, हळूहळू, मान वाकडी करून. या कामात मात्र त्यांचा हात अजून सराईत होता. चीर तळापर्यंत गेली, तशी पकडीने नळीची कड आत दुमडली. कर्रर्र आवाज झाला आणि इतका वेळ हट्ट धरून बसलेला खांब निमूटपणे बाहेर आला. तो इतका सहज आला, की डॉक्टर उताणे पडले. जावई अंगठा धरून टाळ्या वाजवू शकत नव्हता, म्हणून त्याने नुसतीच मान डोलावली. मग डॉक्टरांनी त्याला पट्टी बांधून घ्यायला घरात पाठवलं.

नवा खांब खोबणीत अलगद बसला. आता त्यावर खुर्ची ठेवून खालून चार स्क्रू आवळायचे होते. खुर्ची दाबून धरायला कोणीतरी हवं, म्हणून डॉक्टरांनी बाईंना हाक मारली. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, टॉर्च हातात घेतला. डॉक्टर खुर्चीखाली उताणे पडले. एका हातात पाना, दुसऱ्या हाताने खुर्चीखालची लोखंडी पट्टी धरलेली, आणि चारही स्क्रू ओठांत. बाईंनी वाकून टॉर्चचा झोत थेट त्यांच्या तोंडावर टाकला.

"बसते नीट," त्या म्हणाल्या. "पण माझी पाठ ठणठणीत आहे. कधीच दुखत नव्हती."

डॉक्टरांनी काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. स्क्रू दातांवर वाजले.

"बोलू नका, गिळाल," बाई म्हणाल्या. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही मला विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. घरात मी उठून दुसऱ्या खोलीत तरी जाते. तळ्याच्या मध्यावर कुठे जाऊ?"

डॉक्टरांनी पहिला स्क्रू लावला. त्यांचे कान लाल झाले होते. उरलेले थुंकून टाकावेत आणि आपली बाजू मांडावी, असं त्यांना फार वाटलं. पण झोत डोळ्यांवर होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खालून वर बघायला लागत होतं.

"दर वेळी म्हणता, पाण्याला घाबरतेस ना, घाबरणारच, आणि जॅकेटचे पट्टे आवळून ठेवता. शाळेत पोहण्यात माझा पहिला नंबर यायचा. तुम्हाला ठाऊक आहे?"

"अं," डॉक्टर म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरा स्क्रू लागला. तिसराही लागला. बाई म्हणाल्या, की त्या उद्या येतील, पण जाताना ते बोलतील आणि येताना त्या. आणि इंजिन त्या चालवतील. चालेल का?

"अं."

"वा, छान," बाई म्हणाल्या, आणि अखेर हसल्या.

आता एकच स्क्रू राहिला होता. तो लावला की तोंड मोकळं होणार होतं. बाई खुर्चीत मागे रेलून शाळेतल्या त्या स्पर्धेची गोष्ट सांगू लागल्या, कोण मुलगी पुढे होती आणि शेवटी तिला कसं गाठलं ते. डॉक्टरांनी चौथा स्क्रू ओठांत नीट धरला, पाना हळूच बाजूला ठेवला, आणि उताणे पडून ऐकत राहिले.