थेल्माची कलमं

माझा नवरा व्हर्जिल कुठल्याही झाडाला हात लावण्याआधी कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा. आमच्या डोंगरात गांजा चोरून पिकवायचे दिवस होते तेव्हाही, आणि कायदा बदलल्यावर रीतसर परवाना काढून आम्ही छोटी कंपनी थाटली तेव्हाही. लोक हसायचे. आमचं नाव होतं ते एकाच वाणावर. त्याला त्यानं आपल्या आईचं नाव दिलं होतं, थेल्मा. मूळ झाडाची कलमं काढून सगळं पीक घ्यायचं.

व्हर्जिल गेला आणि ट्रॅव्हर्सचं फावलं. कायद्यानं आम्हाला दुकानांना थेट माल विकता येत नाही, मध्ये वितरक लागतो. आमचा वितरक हा. दोन हंगामांचा माल उचलला आणि पैशाचं नाव काढलं की म्हणायचा, "दुकानवाल्यांनीच दिले नाहीत गं, रॉक्सॅन." गांजावाल्यांना बँक दारात उभं करत नाही. परवान्याची फी भरायची तारीख जवळ आली, हातात दमडी नाही, तेव्हा हाच मेला कागद घेऊन हजर. अख्खी कंपनी, जमीन, परवाना आणि झाडांसकट, कवडीमोलानं. मी सही केली. माझ्याकडे राहिलं घर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली व्हर्जिलची कुंडी. तिच्यातही थेल्माच होती, पण घरापुरतं झाड लावायला इथे परवाना लागत नाही, त्यामुळे ती कंपनीच्या मालमत्तेत धरलीच नव्हती.

सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी, मी आधी तपासायला पाठवलेल्या पानांचा प्रयोगशाळेचा निकाल आला. शेतातल्या थेल्माला रोग लागला होता. हंगामी मजुरांच्या कात्र्यांतून आला असणार, डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस उरला नव्हता. या रोगात झाड ठणठणीत दिसतं, पण फुलं येतात ती फुसकी. ना वास, ना नशा. खिडकीतली कुंडी तेवढी निरोगी निघाली. ट्रॅव्हर्स झाडं न्यायला आला तेव्हा मी त्याला हे सांगणार होते. खरंच सांगणार होते.

"ट्रॅव्हर्स, ही झाडं तुझ्या हरितगृहात आधी वेगळी ठेव. तपासून घे. आणि कात्री दर झाडाला ब्लीचमध्ये..."

"झालं तुझं ब्लीचपुराण सुरू," तो म्हणाला. "तुझा नवरा कात्र्या धूत बसला, म्हणून तर तू रस्त्यावर आलीस."

तोंडाशी आलेला निकाल मी गिळला. "बरं, ने," म्हटलं. त्याच्या माणसांना कॉफी पाजली आणि झाडं गाडीत चढवायला स्वतः हात लावला.

पुढचे महिने मी सुखात झोपले, खोटं कशाला बोलू. खताच्या दुकानात बातम्या कळायच्या. थेल्मा येणार म्हणून त्यानं दुकानांकडून आगाऊ पैसे घेतले. एकाच कात्रीनं सगळं हरितगृह छाटून घेतलं. शरदात फुलं धरली आणि सगळीच फुसकी निघाली, थेल्माही आणि त्याची स्वतःची झाडंही.

थंडी पडल्यावर तो माझ्या दारात आला. दाढी वाढलेली.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला लागले होते. तू मध्येच माझ्या नवऱ्यावर घसरलास."

 मग त्याची नजर माझ्यामागे खिडकीकडे गेली. तिथे थेल्मा उभी होती, हिरवीगार.

"ती निरोगी आहे?"

"आहे की."

"दुकानवाले कोर्टात ओढतायत मला. सगळं जाईल. एक कलम दे, रॉक्सॅन. किंमत बोल. म्हणशील ती."

"विकता येणार नाही."

"का?"

"परवाना लागतो. माझा तू घेतलास."

"मग असंच दे."

"असंच तू खूप नेलंस."

तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. मला जराही दया आली नाही. मी आत जाऊन कात्री ब्लीचमध्ये बुडवली आणि त्याला दिसेल अशी उभी राहून थेल्माचं एक पिवळं पान सावकाश काढलं. मग दार लावून घेतलं.