तळाशी राहिलेला आवाज

मित्रांनो, मी जुना संगणक आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या पाठीवर ‘शाळेस सप्रेम भेट’ असा कागद चिकटवलाय, आणि नवीकोरी वस्तू सप्रेम देतंय कोण? मी तोंडाचा फटकळ आहे. गोड गोष्ट हवी असेल तर शेजारच्या प्रिंटरला विचारा. तो बंद आहे, गप्प बसेल.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझ्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि मला एका लहानशा रेकॉर्डिंग स्टुडिओत बसवलं. भिंतींना स्पंज, दाराला जाड रबर, एक माइक, एक खुर्ची. शेजारच्या खोलीत मालक आणि त्यांचा विंडोजवाला संगणक. रेकॉर्ड मी करायचं आणि साठवायचं मात्र त्याच्या पोटात. त्यासाठी माझ्यात ‘आवाज’ नावाचं एक रिकामं फोल्डर होतं. विंडोजवाल्याचं फोल्डर तारेतून आणून त्यावर बसवायचे. याला माउंट करणं म्हणतात. जमिनीवर चटई अंथरतात तसं समजा. चटई अंथरली की जमीन दिसत नाही. चटई नसेल तर ठेवलेली वस्तू जमिनीवर राहते. एवढंच लक्षात ठेवा, बाकी मी सांगतो.

मला चालवायची ती रेकॉर्डिंगवाली ताई. रोज आल्यावर आधी माझी धूळ पुसायची, मग स्वतःचा चहा घ्यायची. मालक पाहुण्यांना सांगायचे, “हा गडी कधी बंद पडत नाही.” तेवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षं राबलो.

एक दिवस मालकांनी कुठेशी संगणकातली माहिती चोरल्याची बातमी वाचली आणि घाबरून विंडोजवाल्याचा पासवर्ड बदलला. कुणाला सांगितलं नाही. आपल्याच माणसांपासून लपवलं म्हणजे चोर येत नाहीत, अशी त्यांची समजूत. सकाळी मी चालू झालो, विंडोजवाल्याचं दार ठोठावलं, तर ‘परवानगी नाही’ म्हणून त्याने ते तोंडावर आपटलं. ताईला ‘आवाज’ रिकामं दिसलं.

नेमके तेव्हाच खुर्चीत एक आजोबा येऊन बसले होते. मासळीबाजारात लिलाव पुकारणारे. घशात गाठ झालेली, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर स्वरयंत्र काढून टाकणार होते. त्याआधी आवाज साठवून ठेवायचा म्हणून लेक त्यांना घेऊन आली होती.

ताईने नेटवर्कवाल्याला फोन लावला. “अहो, फोल्डर रिकामं दिसतंय. जुनं काहीच नाही आत.”

“काही होत नाही हो. संध्याकाळी येऊन बघतो. तोवर काम चालू ठेवा.”

ताईने काम चालू ठेवलं.

आजोबांनी आधी लिलाव पुकारला. बापरे, काय आवाज! माइक हादरला, ताई हसायला लागली. मग लेक म्हणाली, “बाबा, घरी आल्यावर रोज विचारता ना, तेवढं बोला.”

“ते काय बोलायचं? रोज तेच तर बोलतो.”

“बोला ना.”

आजोबा माइककडे बघत म्हणाले, “जेवलीस का गं?” एकदा रागावून म्हणाले, एकदा लाडात, आणि शेवटी नुसतंच. ताईने ते परत लावून ऐकवलं. स्वच्छ उमटलं होतं. लेक तोंड फिरवून भिंतीचा स्पंज बघत बसली.

संध्याकाळी नेटवर्कवाला आला. आधी विंडोजला शिव्या, मग मला शिव्या. तार काढून घातली, मला बंद करून चालू केलं, सेटिंग उलटीपालटी केली. शेवटी डोकं खाजवत मालकांना म्हणाला, “पासवर्ड तर नाही ना बदललात?”

“बदलला. मग? तुम्हाला विचारून बदलू?”

त्याने नवा पासवर्ड घातला आणि चटई अंथरली. अंथरण्याआधी खाली काही पडलंय का, हे बघायचं असतं. त्याला घरी जायची घाई होती. जुनी रेकॉर्डिंगं वर आली आणि आजोबा खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ताईने मला उलटंसुलटं केलं, विंडोजवाला धुंडाळला. काही नाही. ऑपरेशननंतर काही दिवसांनी लेक आजोबांना घेऊन आली तेव्हा त्यांच्या गळ्याला फडकं होतं. मालकांनी त्यांच्यासमोरच ताईला फैलावर घेतलं. “बटणच दाबलं नसणार हिने!”

“साहेब, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय ते.”

“मग गेलं कुठे? पंख फुटले?” मालक लेकीकडे वळले. “तुम्ही काळजी करू नका. पुन्हा रेकॉर्ड करून देतो. फुकट.”

आजोबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर फुगली, फडक्यातून हवा सुटल्याचा आवाज आला. मालकांना वाटलं, खोकला आला. त्यांनी पाणी मागवलं.

ताईला त्याच दिवशी काढलं. नेटवर्कवाला दारात मूग गिळून उभा होता. मी म्हणायला हवं होतं की आवाज माझ्यात आहे, पण मला तोंड कुठलं? स्पीकर होते. ते बटण दाबल्यावर बोलतात.

पुढे नवा संगणक आला. मला मोकळं करायला नेटवर्कवाल्याने चटई काढली आणि ओरडला, “अरेच्चा! साहेब, हे तर खालीच होतं!”

मालकांनी येऊन पाहिलं. “आता सांगितलं तर आपलीच शोभा होईल,” ते म्हणाले. “तिला कामावरून काढलंय मी. पुसून टाक.”

“साहेब, त्या लेकीला निदान...”

“तिला सवय झाली असेल एव्हाना. पुस.”

नेटवर्कवाल्याने पुसलं. मग मला शाळेत देताना मालकांनी फोटो काढला आणि वस्तूंची कदर करा, असं भाषण ठोकलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी ऐकल्या.

आता खरी गोष्ट ऐका. संगणकात पुसलं की नुसतं नाव जातं. आवाज जागेवरच पडून असतो, कुणी त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. नेटवर्कवाल्याने कामचुकारपणे पुसलं, म्हणून आजोबा अजून माझ्यात होते. मित्रांनो, रिकामं दिसतं ते रिकामं धरू नका. कुणाच्या माथी खापर फोडण्याआधी वरचं उचलून खाली बघा. इतकी वर्षं बंद पडलो नाही म्हणून माझं कौतुक झालं. आता कुणीतरी माझी भिंतीतली पिन काढून टाकली तर उपकार होतील.

काल तुमच्यातल्या एकीने माझ्यावर घराचं चित्र काढलं. दारात बाबा उभे, शेजारी ती. चित्र छान आहे, खोटं कशाला बोलू? तिने ते सेव्ह केलं आणि ते बरोबर ‘जेवलीस का गं’वर जाऊन बसलं.

लिलाव अजून शिल्लक आहे. उद्या पुन्हा तुमचा तास आहे.