माझा दिवा लागत होता

मित्रांनो, बटण दाबण्याआधी जरा माझे ऐकून घ्या. मी एक जुना पिवळा डबा आहे. पोटावर काळे बटण, त्याच्या वर वाटाण्याएवढा लाल दिवा. दिव्यावर चिकटवलेली काळी पट्टी तुम्हाला दिसतच असेल. कालव्याच्या काठाने चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची एक वाट जाते. ती जिथे हा चौपदरी रस्ता ओलांडते, तिथल्या खांबाला मी बारा वर्षे चिकटून आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. आठवतो तो वायरमन. मला खांबावर बसवताना त्याने चारही स्क्रू दोनदा आवळले. पाणी शिरू नये म्हणून कडेने रबर लावले. मग स्वतःच बटण दाबून पाहिले. माझा दिवा लागला आणि थोड्याच वेळात सिग्नल लाल होऊन सगळ्या गाड्या निमूट थांबल्या. ट्रकसुद्धा! त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" त्या एका थापेवर मी कित्येक वर्षे फुशारून होतो.

दुसऱ्याच दिवशी तो बायकोला घेऊन आला. ती शिवणकामाच्या कारखान्यात कामाला होती आणि रोज याच वाटेने सायकलवरून जायची.

"हे बघ, दिवा लागला की समजायचं, गाड्या थांबणार. तोवर पाय टेकवून उभं राहायचं. घाई नाही."

"समजलं हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती हसून म्हणाली. पण त्यानंतर मला दाबल्याशिवाय तिने एकदाही रस्ता ओलांडला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. फिरायला येणारे एक आजोबा मला काठीच्या टोकाने दाबायचे. बाबागाडी ढकलणाऱ्या आया कोपराने दाबायच्या. काही अतिशहाणे दहा-दहा वेळा दाबायचे, जणू मी ठार बहिरा आहे. मी कुणावर रागावलो नाही.

मग गाडीवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. दोन माणसांसाठी म्हणे पन्नास गाड्या खोळंबतात. एका सकाळी वायरमन आला, सोबत त्याचे साहेब. त्याने झाकण उघडले तेव्हा मला वाटले, आज साफसफाई होणार. मी खुशीत होतो. त्याने सिग्नलकडे जाणारी वायर कापली आणि टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"दिव्याची पण काढू का, साहेब?"

"दिवा राहू दे. तो बंद दिसला की लोक बोंबलत ऑफिसात येतील. आणि बाहेर कुठे बोलू नकोस."

"घरी तरी…"

"कुठेच नाही म्हटलं ना!"

वायरमनने मान हलवली, चारही स्क्रू दोनदा आवळले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मित्रांनो, ज्याने मला पठ्ठ्या म्हटले, त्यानेच केसाने माझा गळा कापला. वर मला खोटे बोलायलाही लावले. मी सरळ बंद पडलो असतो, तर लोकांनी मला चार शिव्या घातल्या असत्या आणि स्वतःचे डोळे उघडे ठेवले असते. आता सिग्नल हिरवाच राहायचा, माझा दिवा मात्र लागायचा. बिचारे लोक वाट बघत उभे राहायचे आणि कंटाळले की गाड्यांमधून पळायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमनची बायको कामावरून परतत होती. आधीचे दोन दिवस तिला रस्ता आपसूक मोकळा मिळाला होता, त्यामुळे संशय आला नव्हता. तिने मला दाबले. दिवा लागला. ती पाय टेकवून उभी राहिली. बऱ्याच वेळाने एका भल्या टेम्पोवाल्याने आपणहून गाडी थांबवली. तिला वाटले, सिग्नल लागला. ती निघाली. टेम्पोच्या आडून येणारी मोटार तिला दिसलीच नाही. मला दिसत होती. मी ओरडू शकत नव्हतो.

ती वाचली. पायात सळई घालावी लागली. तीन महिन्यांनी कुबडी घेऊन ती नवऱ्यासोबत इथे आली आणि तिने मला दाबले. दिवा लागला. दोघे उभे राहिले. गाड्या काही थांबेनात.

"तेव्हाही लागला होता हो दिवा," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काही चुकलं."

वायरमनने माझ्या झाकणावर हात ठेवला. "वायर मीच कापली," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं होतं."

"आणि तीन दिवस घरात माझ्यासमोर बसून एक शब्द बोलला नाहीत?"

तिने हात पुढे केला. "चिकटपट्टी असेल ना खिशात? द्या इकडे." तिने तुकडा तोडला आणि माझ्या दिव्यावर दाबून चिकटवला.

मित्रांनो, मला दुरुस्त करा. माझी वायर जोडा. तेवढे जमत नसेल तर मला उपटून टाका, मी हूं की चूं करणार नाही. पण पुन्हा कुणाला खोटा दिवा दाखवायला मला इथे ठेवू नका.

ती अजूनही याच वाटेने येते, सायकलवर नव्हे, लंगडत. डावीकडे बघते, उजवीकडे बघते, थांबते, पुन्हा बघते. मला हात लावत नाही.