टाकीतला एक थेंब

"गाडी नेतो. पेट्रोल नाही नेत," तांडेल म्हणाला. गलबत त्याचं होतं, त्यामुळे शब्दही त्याचाच.

रस्ता आखातापाशी संपला होता. फेरीबोट दुरुस्तीला गेली होती आणि ती कधी परत येईल, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. मीठ आणायला रिकामं निघालेलं हे शिडाचं गलबत पुढच्या तासाभरात सुटणार होतं. वारा फिरला की महिनाभर दुसरं जाणार नव्हतं.

बाबांच्या नकाशावर पेन्सिलीची रेघ या धक्क्यापर्यंत येऊन थांबत होती. पुढच्या निळ्या भागात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे बघू.' हा प्रवास मुळात त्यांचा. रेघ ओढून झाली, सामान बांधून झालं, संध्याकाळी मोटरसायकलची टाकी गळ्यापर्यंत भरून आणली, आणि सकाळी ते उठलेच नाहीत. पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट.

"थोडंसं ठेवू दिलंत तर? औषधाच्या बाटलीएवढं?"

"ताई, खाली चूल पेटते. बाटली फुटली तर आपण सगळे एकदमच पोचू, पण पलीकडच्या किनाऱ्याला नाही."

धक्क्याला लागलेल्या छोट्या मशीनच्या होडीतून त्याची आत्या ओरडली, "आणि हा दिवसभर सिगारेट ओढतो ते सांग की! माकडाच्या हाती कोलीत!"

तांडेलाने सिगारेट पाठीमागे धरली.

मग मी सांगून टाकलं. "त्यात वडिलांनी भरलेलं पेट्रोल आहे."

"कधी भरलेलं?"

"पाच महिने झाले."

"आणि गाडी तेव्हापासून उभीच?"

"नाही. चार हजार किलोमीटर आलीय."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा बाबांचा नियम. तो मी पाळला होता. निम्मी झाली की भरायची, पुन्हा निम्मी झाली की पुन्हा भरायची. अशी अठरा वेळा निम्मी झाली. तेरा लिटरचं अठरा वेळा अर्धं केलं की जेमतेम एक थेंब उरतो. तेही मी सांगितलं; गणित मला येतं. पण एक थेंब म्हणजे शून्य नव्हे, एवढ्याच आधारावर मी इथवर आले होते.

"म्हणजे तो थेंब पाहुण्यासारखा चार हजार किलोमीटर आला की!" आत्या म्हणाली. "पोरी, आता तू इथे महिनाभर त्या थेंबाची राखण करत बसणार, की पलीकडे जाणार?"

मी गाडीपाशी बसले, नळी काढली आणि कॉक फिरवला. आत्याने दिलेल्या पत्र्याच्या डब्यात धार पडू लागली. धार बारीक झाल्यावर तांडेलाने गाडी एका अंगावर कलती धरली. शेवटी थेंब मोजता येतील इतके सावकाश पडले. मी मोजले नाहीत.

"याचं काय करायचं?" मी विचारलं.

"माझ्या मशीनला घालते. बंदरात भिंतीमुळे वारा लागत नाही, म्हणून त्याचं धूड बाहेर ओढून न्यायला मीच लागते." आत्याने डब्यात तेल ओतलं, काठीने ढवळलं आणि सगळं मशीनच्या टाकीत रिकामं केलं.

बॅटरीच्या वायरी सोडल्या. डोलकाठीच्या कप्पीवरून दोर टाकून गाडी उचलली, डेकवर जुन्या टायरांच्या मध्ये उभी केली आणि चारी बाजूंनी आवळली. टाकीचं झाकण वाऱ्याला उघडं ठेवलं. मग आत्याचं मशीन खोकलं, निळा धूर निघाला, दोर ताणला गेला आणि धक्का हळूच मागे सरकला.

भिंत ओलांडली. वारा गालाला लागला.

"आत्या, सोड दोर!" तांडेल ओरडला.

"थांब रे! अजून आहे त्यात!"

"अगं, वारा लागला!"

"वारा कुठे पळून जातोय? शीड उघडशील तर याद राख!"

तांडेलाने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षांत भिंतीपुढे हातभर आली नाही ही. परत कशी जाणार?"

"परतीचा डबा वेगळा आहे!" आत्याने मागे न बघताच सांगितलं. तिला ऐकू बरोबर येत होतं.

तांडेल गाडीला टेकून बसला. मीही बसले. तासभर आम्ही शीड गुंडाळलेलं ठेवून, भर वाऱ्यात, त्या एवढ्याशा होडीच्या मागे मागे जात राहिलो. किनाऱ्यावरची घरं एकेक करून पुसट झाली. धुराचा वास अधूनमधून आमच्यापर्यंत येत होता. बाबा गाडी काढायचे तेव्हा जिन्यात यायचा तसाच.

मशीन दोनदा अडखळलं आणि थांबलं. एकदम शांत झालं.

आत्याने दोर सोडून आमच्याकडे फेकला. "झालं गं, पोरी," ती म्हणाली. "तुझा पाहुणा एवढा आला. आता तू जा."

तांडेल शीड सोडायला उठला. मी दुसऱ्या बाजूचा दोर धरला.