एकसष्ट नंबरचा बंब

मनोरमाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि परसातल्या काळ्या बंबाला चपलेच्या टोकानं ढोसलं.

"उठाओ ना इसको! देखते क्या खड़े हो? नवरदेव है क्या?"

भंगारवाला रईस बंबाभोवती दोनदा फिरून आला. टाउनशिपमधल्या मराठी बायकांची हिंदी त्याच्या अंगवळणी पडली होती.

"अम्मा, नवरदेव तो उठ भी जाए. ये नहीं उठता."

बंब तांब्याचा नव्हता. जाड पोलादी पत्र्याचा, छातीइतका उंच, तीन पायांवर घट्ट उभा. मधून धुराची नळी, खाली जाळाचं तोंड, अंगावर वर्षानुवर्षांची काजळी. भोपाळच्या अवधपुरीतलं हे घर मुलानं, विजयनं विकत घेतलं, त्यात तो आयताच आला होता. न्हाणीघरात प्लंबर भिंतीला भोकं पाडत होता आणि दाराशी नवा गीझर खोक्यात बसून आपल्या पाळीची वाट बघत होता.

त्या खोक्याकडे मनोरमाबाईंनी सकाळपासून चारदा तरी पाहिलं होतं. भिंतीवर बटण दाबायचं आणि कढत पाणी घ्यायचं. चौतीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली. दर हिवाळ्यात पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी उठून शेगडी पेटवली, पातेलंभर पाणी तापवलं. आधी नवरा, मग सासूबाई, मग तिन्ही मुलं. स्वतःची पाळी येईपर्यंत तळाशी उरायचं ते कोमट. घर बघायला आल्या त्याच दिवशी त्यांनी सुनावलं होतं, "हा राक्षस आधी बाहेर, मगच माझं पाऊल आत."

नीळकंठराव तेव्हा हळूच म्हणाले होते, "राहू दे की."

"तुम्ही गप्प बसा. जन्मभर तिकडे आगीशी खेळलात. आता घरात पण जाळ हवाय का?"

नीळकंठरावांनी कानाला हात लावला, ऐकूच आलं नाही असा. वेल्डिंगच्या शॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसे खरंच गेलेले होते. पण त्यातलं किती गेलं आणि किती सोयीनं जातं, हे मनोरमाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"आई, हे पण द्यायचं का भंगारात?" सुचेता स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात तेच पाणी तापवायचं पातेलं होतं. बूड पार जळून पोचे पडलेलं.

"ठेव ते खाली! नंबर दिसत नाही का त्याच्यावर?"

सुनेनं पातेलं पायरीवर ठेवलं. कॉलनीतल्या बायका भांड्यांवर नावं घालून घेत. मनोरमाबाईंच्या प्रत्येक भांड्याच्या काठावर फक्त '61' होतं. कारखान्यात ज्यानं जोड मारला, त्यानं जोडाशेजारी आपला नंबर पंचनं ठोकायचा, अशी रीत होती. दहा वर्षांनी तो जोड गळला तरी जाब कुणाला विचारायचा ते कळावं म्हणून. नीळकंठरावांचा नंबर एकसष्ट. लग्न होऊन आल्यावर त्यांनी एका रविवारी बायकोची सगळी भांडी पुढ्यात घेऊन त्यांवर तोच नंबर ठोकला. अक्षरं लावताना मनोरमाबाईंना घाम फुटे. पण लग्नकार्यात उसनं गेलेलं आपलं पातेलं त्या मांडवाच्या या टोकावरून ओळखत.

"आई, बाबा कुठायत?" विजय हात झटकत बाहेर आला. "जरा टेकू दिला असता."

"बसलेत फाटकापाशी. सकाळपासून स्क्रू निवडतायत. घर हलवतानाही यांना स्क्रूच सुचतात."

हे त्या बोलल्या खऱ्या, पण बोलता बोलता त्यांना एक गोष्ट खटकली. हा माणूस सकाळपासून परसात एकदाही फिरकला नव्हता. हे घर तर त्यानंच पसंत केलं. तीन घरं पाहिली होती. अयोध्या नगरातल्या घराला तर संगमरवरी देवघर होतं, सुचेताचा जीव त्याच्यात अडकलेला. भाजीत मीठ कमी पडलं तरी न सांगणारे नीळकंठराव या घरात मात्र मागच्या अंगणात गेले, चांगली दहा मिनिटं तिथंच उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "हेच घ्या." विजयला इतकं नवल वाटलं की त्यानं दुसरं घर पुन्हा पाहिलंच नाही.

"अम्मा, तीन आदमी लगेंगे," रईस म्हणाला. "मैं नुक्कड़ से किसी को लाता हूँ."

"जा. और जल्दी आ. मगर नळ मेरा है, वो पितल का है. मैं निकालके रखती."

रईस हसत गेला. विजय पान्हा आणायला प्लंबरकडे वळला. मनोरमाबाईंनी कपडे धुवायचा दगड पायानंच सरकवला आणि बंबापुढे बसल्या. पितळ काजळीखाली झाकलं होतं, पण चावी जड होती, जुन्या मापाची. असा नळ आता मिळत नाही.

त्यांनी हात पुढे केला आणि चावी फिरवली.

मग थांबल्या. पुन्हा फिरवून पाहिली.

हात डावा होता. तो नेहमीच डावा असे. दुसरीत असताना डाव्या हातानं पाटीवर लिहिलं म्हणून मास्तरांनी बोटांवर छडी मारली, तेव्हा मनोरमा जी वर्गातून उठून घरी आली ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. सासरी आल्यावर सासूबाईंनी ताटात उजव्या हातानं वाढायला शिकवलं, तेवढं त्या शिकल्या. पण विळी, कात्री, दाराच्या कड्या, सगळं जग त्यांच्यासाठी उलट्या बाजूला होतं आणि त्याची त्यांना इतकी सवय झाली होती की तक्रार करायचंही सुचत नसे.

आणि हा नळ मात्र बसल्या जागी, कोपर न उचलता, त्यांच्या डाव्या हातात आला होता.

घर विकणारा अच्युत पळसोकर त्या दिवशी हसत हसत काय सांगत होता? मनोरमाबाई तेव्हा फरशीच्या चिरा मोजत होत्या, अर्धवटच ऐकलं होतं. "काकू, हा बंब काढूनच टाका. मजबूत आहे, पण विचित्र आहे. जाळाचं तोंड उजवीकडे आणि नळ डावीकडे. नळापर्यंत जायला हात जाळावरून न्यावा लागतो. आमच्या आईचे हात दर थंडीत भाजायचे. बाबांनी घर बांधलं तेव्हा कारखान्यातल्या कुणाकडून तरी घेतलेला. त्यानं म्हणे स्वतःच्या घरासाठी केला होता, पण क्वार्टरमध्ये लाकडाचा बंब लावायला साहेबांनी मनाई केली."

मनोरमाबाईंनी पदराचं टोक ओलं केलं. नळाच्या वर उभा जोड होता, खालपासून वरपर्यंत एकसारखा, सुबक, जणू कुणी बारीक वेणी घातली आहे. त्याच्या शेजारची काजळी त्या घासू लागल्या. लवकर निघेना. नखानं खरवडली.

आधी सहा दिसला. मग एक.

आतमध्ये प्लंबरचं ड्रिल सुरू झालं आणि थांबलं.

क्वार्टरच्या मागं विटांचा एक चौथरा होता. धाकटी सुमन बोलायला लागली त्या वर्षीच्या थंडीत नीळकंठरावांनी तो एका रविवारी बांधला होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू दे." पुढे त्याच्यावर काहीच आलं नाही. महिनाभर वाट बघून मनोरमाबाईंनी त्यावर कपडे धुवायला घेतले आणि वीस वर्षं येताजाता टोमणा मारला: जगाचे बॉयलर बांधतात, घरात बायकोला साधा बंब करून देववत नाही. यांनी दर वेळी कानाला हात लावला.

"आई, पान्हा," विजय मागं उभा होता. "काढू का नळ?"

"नको."

"अगं, मग तो माणूस आल्यावर..."

"नको म्हटलं ना. ठेवायचाय हा."

"ठेवायचा? तूच तर..."

"लाइट गेली म्हणजे? भोपाळच्या लाइटचा मला भरवसा सांगतोस? बटणाला काय चाटायचंय? गीझर लावा, सुचेताला हवाय तर. हा इथंच राहील."

"आई, डोळ्यांत काजळी गेली का तुझ्या?"

"गेली असेल. जा, पाणी आण."

रईस दोन माणसं घेऊन आला आणि नन्नाचा पाढा ऐकून कपाळाला हात लावून बसला. "अम्मा, सुबह से गाड़ी खड़ी है!"

मनोरमाबाई उठल्या. पायरीवरचं पातेलं उचललं, काठावरच्या नंबरावरून एकदा अंगठा फिरवला आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"ये ले जा. इसका काम हो गया."

हातगाडी घराच्या बाजूनं खडखडत फाटकाकडे निघाली. नीळकंठराव स्क्रूच्या डब्यात मान घालून बसले होते. गाडी अगदी जवळ आल्यावर त्यांनी नाइलाजानं वर पाहिलं. गाडीवर बंब नव्हता. एकटं ते पातेलं होतं, बूड वर करून पालथं पडलेलं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. मग डबा बंद केला, उठले आणि दिवसभरात पहिल्यांदा घराला वळसा घालून मागं गेले. मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत डबे लावत होत्या. त्यांनी एकदा बाहेर पाहिलं आणि पुढचा डबा उचलला. आणि बाहेर बंबावर चिंधी घासल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवधपुरीवर धुकं उतरलं होतं. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या फोडून नीळकंठरावांनी बंब पेटवला. विजयची आंघोळ गीझरवर झाली, नातवाची झाली. मनोरमाबाई सवयीनं शेवटच्या पाळीसाठी थांबल्या, तशी परसातून हाक आली.

"अगं ए! ये. आधी तूच."

त्या गेल्या. बंबाभोवती जुन्या चादरींचा आडोसा बांधला होता, तो त्यांनी आतून ओढून घेतला. बंबाच्या पुढ्यात पाट मांडून ठेवला होता, बरोबर त्यांच्या मापानं. नळाचं पितळ लखलखत होतं. पाणी बादलीत पडू लागलं, वाफ वर चढली. एक बादली, दुसरी, तिसरी.

"आई, अहो, ठीक आहात ना?" सुचेता दोनदा विचारून गेली.

बंबातून शेवटचा थेंब गळेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा कान लालबुंद झाले होते, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. नीळकंठराव पायरीवर बसून फळ्यांचे खिळे उपसत होते. मनोरमाबाई त्यांच्या बाजूनं दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या.

"नंतर येणाऱ्याला काही पाणी उरत नाही यात," त्या भिंतीला सांगितल्यासारखं, हळू बोलल्या. "आणि तापतंही जरा कमीच."

एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागणाऱ्या नीळकंठरावांना ती एकदाच ऐकू आली.

"उद्या एक फळी जास्त घालतो," ते म्हणाले.