व्हर्लिन स्टॅम्परच्या अकरा बंदुका

सभेसाठी शाळेचं जेवणघर खचाखच भरलं होतं. चौथीच्या पोरांना बंदुकीपासून जपून राहायचे धडे चालू ठेवायचे की बंद करायचे, एवढ्यावरून आमच्या अख्ख्या काउंटीत दोन तट पडले होते. ते धडे देणारा व्हर्लिन स्टॅम्पर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारी त्याची बायको नोला.

गेल्या रविवारी तिने नवऱ्याला कोठारात पाहिलं होतं. पिस्तूल मांडीवर, नजर भिंतीवर. "साफ करतोय," म्हणाला. अरे, साफ करायला फडकं तरी हवं की नको? कोळशाची खाण बंद पडल्यापासून माणूस आतून पोखरला जात होता. "माझ्यावाचून कुणाचं अडतंय?" हे रोजचं पालुपद. तगून होता तो केवळ या धड्यांच्या जोरावर.

नोला भावाकडे गेली. हा ड्यूई म्हणजे काउंटीच्या शेरिफच्या हाताखालचा पोलीस शिपाई.

"अगं ताई, बंदूक कशी धरायची ते मला त्यानेच शिकवलं. त्याच्याच बंदुका मी उचलून नेऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहील का त्याला?"

आता बोला! माणूस गेला तरी चालेल, तोंड तेवढं राहिलं पाहिजे. पाद्री म्हणाला, प्रार्थना करू. तीही करून झाली, पण नोलाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सभेत संगीत शिकवणारी सेलेस्ट व्हिटमर तावातावाने बोलत होती. "शाळेत बंदुकीचं नावसुद्धा नको! माझ्या घरात आजवर एकही शिरलेली नाही."

"मग चोर आला की पियानो वाजवून दाखवा बाई!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. व्हर्लिनही हसला. त्याला हसताना बघून नोलाला वाटलं, गप्पच बसावं. बोललं तर त्याचे धडे जाणार. नाही बोललं तर तोच जाणार.

"नोला स्टॅम्पर. तीन मिनिटं," अध्यक्षांनी पुकारलं.

ती माईकपाशी गेली. "माझा नवरा पोरांना शिकवतो, बंदूक दिसली की हात लावू नका, तिथून निघा, मोठ्या माणसाला सांगा. मला दिसली. त्याच्याच मांडीवर. भावाला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. या गावात मोठं माणूस आहे की नाही कुणी? घरात अकरा बंदुका आहेत. आजच्या आज घेऊन जा रे कुणीतरी! हात जोडते."

व्हर्लिन पांढराफटक पडला. "नोला, खाली बस," तो पुटपुटला. एरवी मिशीला पीळ भरणारे सगळे बाप्ये आपापल्या बुटांकडे बघत होते. ड्यूईसुद्धा.

उठली ती सेलेस्ट. "माझी गाडी बाहेर आहे. मी नेते. पण... बंदूक उचलतात कशी, तेही मला माहीत नाही हो."

या वेळी कुणी हसलं नाही. व्हर्लिनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे गदगदत होते. मग हात काढून तो सेलेस्टकडे वळला.

"आधी ती रिकामी आहे का ते बघायचं, बाई. ड्यूई दाखवेल तुम्हाला. मला मात्र हात लावू देऊ नका."