खोका उघडणारं गाढव

लोकांचं सामान बांधण्यात माझी अठरा वर्षं गेली. घर बदलणाऱ्यांचे आरसे, काचेची कपाटं, झुंबरं बांधून दिली, पण कधी एका कपाचा टवका उडाला नाही. आणि दोन पोरांची खेळणी कशी भरायची ते सासूबाई मला फोनवरून शिकवणार! थोडकीच घ्या, हाताशी ठेवा, एकेक काढून द्या, असं बरंच काही. वर, हवं तर मी येते सोबतीला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, माझं मी बघतो.

बायको तीन आठवडे कामाच्या प्रशिक्षणाला गेली होती. आता आम्ही तिघं रेल्वेनं तिच्याकडे निघालो होतो, चांगला नऊ तासांचा प्रवास. थोरला पाच वर्षांचा, त्याची चिंता नव्हती. धाकटी अडीच वर्षांची. मी रोज घरी येतो ते तिच्या झोपेच्या वेळेला, त्यामुळे माझी तिला सवयच नाही. या तीन आठवड्यांत मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, पण रडू आलं की ती माझ्याकडे पाठ करायची आणि दाराकडे बघून आईला हाका मारायची. मनाला लागायचं ते, खोटं कशाला बोलू? निदान या प्रवासात तरी तिनं मला आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून जीव ओतून खोका भरला. ठोकळे, गाड्या, चित्रांची पुस्तकं, रंगीत खडू, सगळं वेगवेगळ्या कागदात गुंडाळून. वरून आमच्या धंद्यातली जाड चिकटपट्टी, तीन पदरी.

गाडी सुटून अर्धा तास झाला नाही तोच धाकटीनं भोकाड पसरलं. मी ऐटीत खोका पुढ्यात ओढला, खिसे चाचपले आणि माझं तोंड उतरलं. पट्टी कापायला काहीच नव्हतं. आमच्याकडे बांधणारे वेगळे आणि पोचल्यावर उघडणारे वेगळे. बांधलेलं कधी उघडावंही लागतं, हे अठरा वर्षांत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

किल्लीनं ओरबाडलं, दात लावले, पट्टी ढिम्म हलेना. समोरच्या बाई गालातल्या गालात हसत होत्या. एवढं घट्ट कोणी बांधलं, असं थोरल्यानं विचारलं, तेव्हा मी चिडून म्हटलं, एका गाढवानं.

धाकटी रडायची थांबली. "गाढव कुठंय?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. तिनं मला नीट न्याहाळलं, मग खाली बसून इवल्याशा नखानं पट्टीचं टोक खरवडायला लागली. आणि ते सुटलं की हो! मग दोघं भावंडं मिळून पट्टी सोलत बसली. तुकडे खिडकीला लागले, माझ्या नाकाला लागले, थोरल्याच्या केसांत अडकले. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

पुढे तर गंमतच. धाकटी कागद सोडून खेळण्यातली गाडी बाहेर काढायची आणि माझ्या हातात द्यायची, पुन्हा बांध म्हणून. एकच गाडी मी अकरा वेळा बांधली. समोरच्या बाईंनीही चष्म्याचं घर बांधायला दिलं. शेवटी धाकटी स्वतःच माझ्या मांडीवर चढली आणि मला बांध म्हणाली. मी तिला गळ्यापर्यंत कागद गुंडाळला. त्यातच ती झोपली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी जागचा हललो नाही.

स्टेशनवर बायको दिसताच धाकटीनं तिच्याकडे झेप घेतली. घेणारच, आईच ती. मी उगीच बॅगा मोजत उभा राहिलो.

तेवढ्यात आईच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे हात केला. "बाबाला पण घे."

बायको हसली. बाबा केवढा मोठा आहे, मला कसा उचलणार, म्हणाली.

"मग मी घेते," असं म्हणून धाकटी तिच्या कडेवरून खाली उतरली आणि हात पसरून माझ्याकडे आली.